आठ मात्रा, सहा पावले

साल्साच्या वर्गात पहिल्यांदा जाताना ‘आपल्याला नाचता येईल का’ एवढीच धास्ती मनात असते. प्रत्यक्षात तेथे आधी शिकावे लागते ते ऐकायला आणि थांबायला. मुंबईतील एका नवशिक्याचा अनुभव आणि त्यामागचे तालाचे गणित.

मला नाचता येते, असा माझा बरीच वर्षे समज होता. या समजाला आधार होता तो विसर्जन मिरवणुकीचा. डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीतला गणपती निघाला, की बॅन्जो पार्टीच्या मागे तीन-तीन तास नाचण्यात मी कधी मागे राहिलो नाही. त्या नाचाची खुबी अशी, की त्यात चूक नावाची गोष्टच नसते. हात वर गेले, पाय हलले आणि घाम निघाला, म्हणजे नाच झाला. शेजारचा कसा नाचतो आहे, हे पाहण्याची उसंत कोणाला नसते आणि आपण कसे नाचतो आहोत, हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही.

हा समज वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, लोअर परळमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, साधारण सात मिनिटांत मोडीत निघाला. जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या या इमारतीत आठवड्यातून दोनदा साल्साचा वर्ग भरत असे. ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता आणि डॉक्टरांनी ‘काहीतरी व्यायाम करा’ असे दोनदा बजावले होते. जिमचे पैसे भरून न जाण्याचा अनुभव गाठीशी असल्याने या वेळी वेगळे काही करून पाहावे, एवढाच हेतू होता.

समोर भिंतभर आरसा, खाली लाकडी जमीन आणि आत वीस-बावीस माणसे. संगणक कंपनीतले तरुण-तरुणी, एक दंतवैद्य, लग्नाची तारीख ठरलेले एक जोडपे आणि नुकत्याच बँकेतून निवृत्त झालेल्या, सुती पंजाबी ड्रेसमधल्या एक मराठी बाई. पहिली दहा मिनिटे सर्वांनी आरशाकडे तोंड करून पावले टाकली. मग शिक्षकाने गोल करायला सांगितले आणि समोरच्या व्यक्तीचा हात धरण्याची सूचना केली. अनोळखी स्त्रीचा हात हातात घेण्याचा प्रसंग तोपर्यंत माझ्यावर कधी आला नव्हता. आपल्याकडे अशा वेळी नमस्काराने भागते. त्या क्षणी माझ्या तळहाताला सुटलेला घाम हा विसर्जनाच्या घामापेक्षा निराळा होता.

चटणीचे नाव, स्थलांतरितांचे गाणे

साल्सा हा नाच नेमका कोणाचा, या प्रश्नाला एका देशाचे नाव घेऊन उत्तर देता येत नाही. स्पॅनिश भाषेत साल्सा म्हणजे सॉस. आपल्या भाषेत सांगायचे तर चटणीसारखे तोंडीलावणे. नाव नवे असले, तरी त्यामागचे संगीत जुने आहे. क्युबा बेटावर ऊसमळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे ताल आणि स्पॅनिश वसाहतवाल्यांची गिटार व गीतरचना यांच्या मिश्रणातून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्युबाच्या पूर्व भागात ‘सोन’ हा संगीतप्रकार आकाराला आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो राजधानी हवानात पोहोचला आणि तेथून न्यूयॉर्कला गेला.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पॅलेडियम नावाचे नृत्यगृह होते. १९५०च्या दशकात माचितो, टिटो पुएन्ते आणि टिटो रॉड्रिगेझ यांचे वाद्यवृंद तेथे माम्बो वाजवत. अमेरिकेत वर्णभेद तीव्र असण्याचा तो काळ. तरीही पॅलेडियमच्या जमिनीवर प्युएर्तो रिकन, कृष्णवर्णीय, ज्यू आणि इटालियन मंडळी एकत्र नाचत. तेथे प्रतिष्ठा मिळे ती चांगले नाचणाऱ्याला.

पुढे क्युबात क्रांती झाली. जानेवारी १९६१मध्ये अमेरिकेने क्युबाशी राजनैतिक संबंध तोडले आणि १९६२मध्ये व्यापारबंदी लागू झाली. क्युबातून येणारा संगीताचा ओघ आटला. मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला आलेले प्युएर्तो रिकन लोक पूर्व हार्लेम आणि दक्षिण ब्राँक्समध्ये वस्ती करून राहिले होते. शहरातल्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत राबणाऱ्या या वस्त्यांनी ते संगीत आपलेसे केले, त्यात जॅझ मिसळला आणि स्वतःच्या गल्लीची भाषा घातली. डोमिनिकन वंशाचे संगीतकार जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुच्ची यांनी १९६४मध्ये स्थापन केलेल्या फानिया या ध्वनिमुद्रण कंपनीने हे संगीत घराघरांत पोहोचवले. या कंपनीच्या कलावंतांनी ऑगस्ट १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या चीता क्लबमध्ये केलेला कार्यक्रम या इतिहासातला मैलाचा दगड मानला जातो. ‘साल्सा’ हे नाव रुळले ते याच सुमारास. टिटो पुएन्ते यांना ते फारसे रुचले नव्हते. आपण वाजवतो ते क्युबन संगीत, सॉस ही खाण्याची वस्तू, असा त्यांचा युक्तिवाद असे.

या संगीताच्या उल्हासामागे ताटातुटीचे दुःख आहे, हे विसरता येत नाही. साल्साची सम्राज्ञी म्हणून ओळखल्या गेलेल्या सेलिया क्रूझ यांनी १९६०मध्ये क्युबा सोडले. १९६२मध्ये त्यांच्या आईचे निधन झाले, तेव्हा अंत्यविधीसाठीही त्यांना मायदेशी परतण्याची परवानगी मिळाली नाही. २००३मध्ये न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले. हा तपशील वाचल्यानंतर त्यांच्या आवाजातली द्रुत लयीची गाणीही मला पहिल्यासारखी केवळ आनंदाची वाटेनात.

मुंबईला ओळखीचा ठेका

आमचा वर्ग ज्या गिरणगावात भरत होता, त्या भागाला हा ठेका अगदीच परका नव्हता. लातिन अमेरिकेचे ताल मुंबईत आले ते साल्सा हे नाव प्रचारात येण्यापूर्वी. पंचतारांकित हॉटेलांत आणि क्लबांत वाजवणारे गोव्याचे वादक रात्री रम्बा वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत जात. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी या वादकांची आणि त्यांच्या तालांची जाण ठेवून गाणी बांधली. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ, आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. पारशी तालवादक कावस लॉर्ड यांनी बोंगोसारखी वाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजवली.

त्याच ‘अलबेला’चे नायक व दिग्दर्शक होते गिरणी कामगाराचे पुत्र भगवानदादा पालव. गुडघे किंचित वाकवून, हात सैल सोडून, जागच्या जागी डोलत पुढे सरकण्याची त्यांची ढब महाराष्ट्रात आजही प्रत्येक मिरवणुकीत दिसते. हे मी विनोदाने सांगत नाही. गुडघा वाकवणे, पाऊल लहान ठेवणे आणि वरचे अंग सैल ठेवणे या तिन्ही गोष्टी साल्साच्या शिक्षकाला नवशिक्याकडून हव्या असतात. भगवानदादांची नक्कल करत वाढलेल्या माझ्या पायांना त्यामुळे थोडीफार मदतच झाली. अडचण आली ती कानांची आणि त्यानंतर हातांची.

पाऊल टाकायचे कुठे?

साल्साचे मूळ पाऊल कागदावर अगदी सोपे आहे. संगीताच्या आठ मात्रांचे एक आवर्तन धरायचे. त्यांतल्या १, २, ३ आणि ५, ६, ७ या मात्रांवर पाऊल टाकायचे. ४ आणि ८ या मात्रांवर थांबायचे. आठ मात्रांत सहा पावले, एवढाच हा हिशेब.

पुढाकार घेणाऱ्याने, म्हणजे वर्गाच्या भाषेत ‘लीडर’ने, पहिल्या मात्रेला डावा पाय पुढे टाकायचा. दुसरीला जागेवरच्या उजव्या पायावर भार परत घ्यायचा. तिसरीला डावा पाय मूळ जागी आणायचा आणि चौथीला थांबायचे. पाचवीला उजवा पाय मागे, सहावीला डाव्या पायावर भार, सातवीला उजवा पाय जागेवर आणि आठवीला पुन्हा विराम. समोरची व्यक्ती, म्हणजे ‘फॉलोअर’, आरशातल्या प्रतिबिंबासारखी नेमके उलट करते. तिचा उजवा पाय पहिल्या मात्रेला मागे जातो.

ही झाली लॉस एंजेलिसच्या वळणाची, पहिल्या मात्रेवर दिशा बदलणारी शैली. आमच्या वर्गात हीच शिकवत होते. न्यूयॉर्कमध्ये एडी टॉरेस यांनी शिकवून रुळवलेल्या शैलीत दिशा दुसऱ्या व सहाव्या मात्रेवर बदलते. क्युबात ‘कासिनो’ नावाने ओळखली जाणारी शैली सरळ रेषेऐवजी वर्तुळात फिरते. नवशिक्याने यांपैकी एकच धरावी. दोन गुरूंकडे दोन निरनिराळ्या मात्रांवर पाय टाकायला शिकणाऱ्याचे हाल मी वर्गात पाहिले आहेत.

कंबरेच्या हालचालीबद्दल बराच गैरसमज आहे. साल्सात कंबर मुद्दाम हलवायची नसते. गुडघा वाकवून टाकलेल्या पायावर पूर्ण भार गेला, की कंबर आपोआप त्या बाजूला सरकते. माझा भार दोन्ही पायांवर अर्धा-अर्धा राहत असल्याने माझी कंबर ढिम्म होती आणि खांदे मात्र उगाच उडत होते. मोठी पावले ही दुसरी चूक. बहुतांश गाण्यांची गती मिनिटाला साधारण १६० ते २२० मात्रांच्या दरम्यान असते. १८०ची गती धरली, तर आठ मात्रांचे आवर्तन पावणेतीन सेकंदांच्या आत संपते. एवढ्या वेळात लांब ढांग टाकणारा माणूस परत जागेवर येईपर्यंत गाणे पुढे निघून गेलेले असते.

सम हरवते कुठे?

शिक्षक तोंडाने आकडे म्हणत असेपर्यंत सर्वांचे पाय बरोबर पडत होते. गाणे लागले आणि आकडे थांबले, की अर्धा वर्ग निरनिराळ्या मात्रांवर जाऊन पोहोचे. ‘एक’ नेमका कुठे आहे, हेच कळत नसे. मला याचे विशेष आश्चर्य वाटले. लहानपणी दोन वर्षे तबला शिकलो होतो. आठ मात्रांचा केरवा हाताखालून गेलेला होता. मग आठ मात्रांचेच हे आवर्तन कानाला का सापडू नये?

याचे उत्तर तालाच्या रचनेत आहे. आपला कान समेच्या ओढीने ऐकतो. आवर्तन समेवर येऊन टेकते आणि तेथे वादक, गायक आणि श्रोता यांची दाद एकवटते. साल्साच्या संगीताचा कणा असतो तो ‘क्लावे’ नावाचा पाच आघातांचा साचा. दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून तो वाजवतात. वाजवला नाही, तरी सर्व वादक तो मनात धरून असतात. स्पॅनिश भाषेत क्लावे म्हणजे किल्ली.

वाचकांनी हे घरी करून पाहावे. आठ मात्रांच्या प्रत्येकी दोन करून १ ते १६ आकडे संथपणे मोजा आणि १, ४, ७, ११ व १३ या आकड्यांवर टाळी द्या. तीनतालाच्या सोळा मात्रांचे चार-चारचे चार समान भाग पडतात. येथे दोन टाळ्यांमधली अंतरे पडतात ती ३, ३, ४, २ आणि ४. आधीचा भाग ताणलेला, नंतरचा सैल. याला तीन-दोन क्लावे म्हणतात. काही गाण्यांत दोन आघातांचा भाग आधी येतो.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. आपल्याला ज्या खर्जातल्या ठोक्याकडून समेची अपेक्षा असते, ते बासवाद्य या संगीतात पहिली मात्रा बहुतेक वेळा वाजवतच नाही. दुसरीच्या पुढच्या अर्ध्यावर आणि चौथीवर त्याचा आघात येतो. येणारा स्वर ते आधीच वाजवून मोकळे होते आणि सम रिकामी राहते. कोंगा या उभ्या ढोलाचे मोकळे, घुमणारे बोलही चौथ्या मात्रेलाच उमटतात. म्हणजे नर्तकाचा पाय जेथे थांबतो, तेथे वाद्ये सर्वांत ठळक बोलतात. नवशिक्या त्या आवाजाला भुलतो आणि नेमका चौथ्या मात्रेला पाऊल टाकून बसतो. मी पहिले तीन आठवडे हेच करत होतो.

यावर शिक्षकाने दिलेला उपाय साधा होता. गाणे रंगात आले, की बोंगोवादक बोंगो बाजूला ठेवून गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखी लोखंडी घंटा वाजवू लागतो. तिचे भरीव ठोके १, ३, ५ आणि ७ या मात्रांवर पडतात. ती घंटा धरायची. घरी रोज दहा मिनिटे गाणे लावून नाचायचे नाही, केवळ चालायचे. चौथ्या आणि आठव्या मात्रेला थांबायचे. आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी स्वयंपाकघर ते बाल्कनी असा हा सराव केला. आईने दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी काही हरवले आहे का, असे विचारले.

पुढाकार म्हणजे ओढणे नव्हे

चौथ्या आठवड्यात वळण, म्हणजे ‘टर्न’, शिकवायला सुरुवात झाली. या वर्गांत दर दोन-तीन मिनिटांनी जोडीदार बदलतात. बदलता बदलता माझ्यासमोर बँकेतल्या त्या बाई आल्या. पावले जमली होती, त्यामुळे मी जरा आत्मविश्वासात होतो. त्यांचा हात मी घट्ट धरला. पाचव्या मात्रेला तो झटक्याने वर नेला आणि त्यांना फिरवले. त्या अर्ध्या वळल्या, बोटे मात्र माझ्या मुठीत अडकली होती. मनगट पिरगळले गेले.

‘‘अहो, हात सोडा जरा. मी काही पळून जात नाहीये,’’ त्या कळवळून म्हणाल्या.

मी दिलगिरी व्यक्त केली. त्यांनी ‘‘असू दे’’ म्हटले आणि त्या बाजूला जाऊन बसल्या. पुढच्या दोन तासिकांना त्या आल्या नाहीत. माझ्याकडे त्यांचा फोन नंबर नव्हता आणि शिक्षकाकडून मागून घेणेही प्रशस्त वाटेना. व्यायामासाठी सुरू केलेल्या एका छंदात आपण एका ज्येष्ठ व्यक्तीला दुखापत केली, ही टोचणी घेऊन मी त्या दोन संध्याकाळी नाचलो.

पुढच्याच तासिकेला शिक्षकाने सर्व पुरुषांना ‘फॉलोअर’ केले. पुढाकार स्त्रियांकडे आणि काही पुरुषांकडे. त्या पाऊण तासात जे उमगले, ते आधीच्या महिन्याभरात उमगले नव्हते. समोरची व्यक्ती कोठे नेणार आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. ज्याने हात आवळला, त्याच्यापुढे आपले सारे शरीर ताठ होते. ज्याने हात सैल पण जागता ठेवला, त्याच्या तळहाताच्या किंचित दाबावरून दिशा कळते. ज्याने वेळेवर सूचना दिली, त्याच्याबरोबर वळताना भीती वाटत नाही. ज्याने ऐनवेळी ओढले, त्याच्याबरोबर तोल जातो. आणि ‘फॉलो’ करणे म्हणजे निमूटपणे ओढले जाणे नव्हे. सूचना ऐकून, स्वतःचा तोल स्वतः सांभाळून, आपली पावले आपणच टाकावी लागतात.

सूचनेची वेळ कोणती, हे त्या दिवशी नीट कळले. साधे उजवे वळण फॉलोअर ५, ६, ७ या मात्रांवर घेते. त्यासाठी लीडरचा हात तिसरी मात्रा संपता संपता वर जायला लागतो आणि चौथीला वर पोहोचलेला असतो. ज्या मात्रेला पाय थांबतात, त्याच मात्रेला निरोप दिला जातो. चौथी मात्रा गाळून थेट पाचवीला ओढणारा माणूस निरोप न देता धक्का देत असतो. मी नेमके तेच केले होते. हाताची रीतही त्याच दिवशी दुरुस्त झाली. बोटांचा नुसता आकडा करायचा, अंगठ्याने दाबायचे नाही. समोरच्याचा हात आपल्या बोटांवर टेकलेला असावा आणि त्याला हवे तेव्हा निसटता यावे. वळताना हात बोटांभोवती फिरायला जागा लागते. मुठीत ती नसते.

वर्ग निवडताना

साल्सा शिकण्यासाठी जोडीदार सोबत नेण्याची गरज नसते. चांगल्या वर्गात जोडीदार बदलत राहतात आणि त्याचा फायदाच होतो, कारण एकाच व्यक्तीच्या सवयीला आपण नाच समजून बसत नाही. पैसे भरण्यापूर्वी एक तासिका पाहण्याची किंवा करून पाहण्याची मुभा मागावी. शिक्षक पावले दाखवण्यापलीकडे संगीत ऐकायला शिकवतो का, हात कसा धरायचा हे सांगतो का, कोणाला संकोच वाटला तर त्याची दखल घेतो का, हे पाहावे. स्पर्श असलेल्या या नाचात शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. नको असलेला स्पर्श हा कोणत्याही शैलीचा भाग नसतो आणि तसे स्पष्ट बोलून न दाखवणाऱ्या वर्गात थांबण्याचे कारण नाही.

मी आठ तासिकांसाठी साडेतीन हजार रुपये भरले. मध्यमवर्गीय नोकरदाराला ही रक्कम विचार करायला लावणारी आहे. कामगारवस्त्यांत वाढलेला हा नाच आपल्याकडे गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत शिकावा लागतो, हा विरोधाभास जिना उतरताना दरवेळी जाणवे. मात्र महागडे कपडे किंवा बूट पहिल्या दिवसापासून लागत नाहीत. रबरी तळव्याचे धावण्याचे बूट तेवढे टाळावेत. ते जमिनीला धरून ठेवतात, अंग वळते आणि गुडघा मागे राहतो. गुळगुळीत चामडी तळव्याचा जुना बूट नवशिक्याला पुरतो. जमीन लाकडी असेल तर उत्तम. फरशीवर तासभर नाचल्यानंतर गुडघे तक्रार करतात. गुडघ्याचे किंवा हृदयाचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

प्रकृतीच्या फायद्यांविषयी बोलताना थोडा तोल सांभाळावा लागतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा एक अभ्यास २००३मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाहिलेल्या शारीरिक हालचालींपैकी केवळ नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला. मात्र असा संबंध आढळणे आणि नृत्यामुळेच धोका कमी होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांची स्मृती शाबूत आहे, तेच अधिक नाचत असतील, हीही शक्यता उरते. माझ्यापुरते सांगायचे तर तासाभराच्या वर्गानंतर दम लागतो, रात्री झोप चांगली लागते आणि तेवढा वेळ मोबाइलची आठवण होत नाही.

‘आज नको’

दोन महिन्यांनी आमच्या वर्गाची ‘सोशल’ झाली. सोशल म्हणजे शिकवणे नाही, केवळ नाच. साल्साच्या जोडीने येथे डोमिनिकन रिपब्लिकमधला संथ ‘बाचाता’ही वाजतो. सोशलचे काही अलिखित नियम आहेत. नाचायचे असेल, तर समोर जाऊन विचारावे. कोणीही कोणालाही विचारू शकते. होकार मिळाला, तर तो एका गाण्यापुरता असतो. गाणे संपले, की आभार मानून जागेवर पोहोचवावे. नाचताना समोरच्याला शिकवू नये. अनोळखी व्यक्तीला मागे झुकवण्याचे किंवा उचलण्याचे चित्रपटी प्रयोग करू नयेत. नखे कापलेली असावीत, अंगठ्या काढून ठेवाव्यात, जवळ एक जादा सदरा असावा. आणि नकार मिळाला, तर त्याचे कारण विचारू नये.

बँकेतल्या बाई तोपर्यंत परत आल्या होत्या. मनगटाला काही दिवस पट्टी होती, आता ती निघाली होती. मधल्या काळात वर्गात जोडीदार बदलताना त्या दोन-तीनदा समोर आल्या, तेव्हा माझा हात सैल होता आणि मी चौथ्या मात्रेला थांबत होतो. त्यांनी काही म्हटले नाही, मीही विषय काढला नाही. सोशलच्या दिवशी ओळखीचे गाणे लागले, तेव्हा धीर करून मी त्यांच्याकडे गेलो.

‘‘मॅडम, नाचणार का?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिले, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘आज नको.’’

क्षणभर वाटले, की मनगट आता बरे आहे ना, असे विचारावे. मी सुधारलो आहे, असे सांगावे. पण कारण विचारायचे नाही, हा नियम कशासाठी आहे, हे त्या वेळी समजले. हात आवळू नये, हे मी बोटांपुरते शिकलो होतो. येथे तेच शब्दांना लागू होते. मी ‘‘बरं’’ म्हटले आणि बाजूला झालो. पुढच्या गाण्याला दंतवैद्य बाईंना विचारले. त्या हो म्हणाल्या. त्या गाण्यात मी दोन वळणे बरोबर आणि एक चुकीचे दिले. चुकलेल्या वळणावर दोघेही हसलो आणि पुढच्या ‘एक’ची वाट पाहत जागेवर पावले टाकत राहिलो.

शहरात आपण दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या अंगाला अंग लावून उभे असतो. लोकलच्या डब्यात, लिफ्टमध्ये, रांगेत. त्या गर्दीत कोणी कोणाला विचारत नाही आणि विचारायला वेळही नसतो. साल्साच्या वर्गात एका हाताच्या अंतरावर उभे राहण्यासाठीही आधी विचारावे लागते, उत्तर ऐकावे लागते आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. पावले कोणालाही चार आठवड्यांत येतील. थांबायला मात्र मला दोन महिने लागले आणि अजूनही एखाद्या द्रुत गाण्यात माझा पाय चौथ्या मात्रेला उचलला जातोच.